ठकूबाईचा राहिलेला राब

पोलादपूर सोडून आंबेनळीचा घाट चढायला लागलं की डाव्या हाताला सुनीलची चहा-भजीची टपरी लागते. टपरीच्या मागून एक पायवाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे धारेवाडीत निघते. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद आणि कुलपांच्या किल्ल्या भांडुप-विक्रोळीला खुंटीवर टांगलेल्या. उरलेल्या घरांतली माणसं एकमेकांच्या इतकी अंगवळणी पडलेली, की कुणाच्या घरात आज कुठलं कालवण शिजतंय हे विचारावं लागत नाही, वास घेतला तरी पुरतं. अशा या वाडीत कुणाला काही झालं, होणार असलं, किंवा होईल असं नुसतं वाटलं, तरी माणसं आधी ठकूबाईच्या पडवीत येतात. ती काही करते म्हणून नव्हे. ती काहीच करत नाही म्हणून.

ठकूबाईचं हे नाव झालं ते कोरोनाच्या वर्षी. मुंबईहून लेकरं चालत येतायत, गावकी वेशीवर बांबू आडवे बांधतेय आणि ही बया अंगणात बसून सुकटीतला कचरा निवडतेय. पुढच्या वर्षी महाडात पूर शिरला, इकडे डोंगर खचले, रस्ते गेले, वीज गेली. तेव्हाही तिनं नाचणीची भाकरी थापली, वर सुका बोंबील भाजला आणि कुणी काही विचारलं तर म्हणाली, ‘‘आता काय.’’ तेवढंच. ‘आता काय’ हे तिचं सगळ्या संकटांवरचं भाषण. लोकांना वाटतं यात फार मोठं धैर्य आहे.

खरी गोष्ट अशी की ठकूबाई शांत-बिंत काही नव्हती. ती दमली होती. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली होती की त्याचा चेहरा आठवायला तिला भिंतीवरचा फोटो बघावा लागे. गुडघे उतारावर कुरकुरत. एक गाय, एक शेताचा तुकडा, एक फणस आणि एकुलता एक मुलगा मंगेश. यातली पहिली तीन रोज डोळ्यांसमोर, चौथा फोनवर. दमलेलं माणूस आणि शांत माणूस लांबून सारखंच दिसतं आणि ठकूबाईकडे वाडी लांबूनच बघायची.

तर यंदाच्या वैशाखात सीमेवर लढाई जुंपली.

लढाई तिकडे होती, पण आवाज सुनीलच्या घरातून येत होता. वाडीतला सगळ्यात मोठा टीव्ही त्याचा. पहिल्या संध्याकाळी त्या टीव्हीनं शत्रूचं एक बंदर बुडवलं. सकाळी चहाच्या वेळी तेच बंदर परत बुडवलं. दुपारी बातमी आली की बंदर जागेवर आहे, पण तोवर सुनील टपरीवर गेला होता, त्यामुळे वाडीच्या हिशेबी ते बुडालेलंच राहिलं.

टीव्हीचं जेवढं राहिलं तेवढं मोबाइलनं पुरं केलं. मीठ मिळणार नाही. तेल मिळणार नाही. गॅस बंद होणार. कणगीतलं भात सरकार मोजून नेणार. कमळाबाई, म्हणजे ठकूबाईची शेजारीण, बालपणापासूनची मैत्रीण आणि साठ वर्षांची भांडणारीण, पोलादपूरच्या बाजारात जाऊन डोक्यावर मिठाचं अख्खं पोतं घेऊन आली. पोतं पडवीत टाकून तिथंच बसली.

‘‘ठके, मीठ घेतलंस का गो?’’

‘‘हाय की बरणीत.’’

‘‘बरणीतलं किती दिस पुरंल? बाजारात मारामारी चाललीय. शेवटचं पोतं मी ओढलं.’’

‘‘आन् तुला तर डाक्टरनं मीठ बंद केलंय ना. प्रेशर हाय म्हनून.’’

कमळाबाईनं पोत्याची गाठ चाचपली. म्हणाली, ‘‘युद्धाच्या टायमाला प्रेशरचं काय घेऊन बसलीस.’’

ठकूबाईनं हसावं असं तोंड केलं, पण हसू काही आलं नाही. तिची आगोट भरून झाली होती. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद पडते, म्हणून वैशाखातच जिन्नस भरून ठेवायचं ते आगोटीचं. सुकट, बोंबील, कोकमं, तिखट, गुळाची ढेप, सगळं फडताळात होतं. त्यासाठी तिला आजवर कधी युद्ध लागलं नव्हतं. तिला घोर होता तो निराळ्याच गोष्टीचा. तिचा राब राहिला होता.

डोंगरातल्या माणसाला राब सांगावा लागत नाही, पण रस्त्यानं जाणाऱ्यासाठी सांगायला हवा. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण पसरायचं, वर झाडांची तोडलेली कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, त्यावर वाळका पातेरा, गवत, वरून मातीचा हात. आणि मग पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेत रोप काळंभोर उठतं. हे पावसाआधी झालं तर झालं. भिजलेला राब पेटत नाही. राब नाही म्हणजे रोप नाही, रोप नाही म्हणजे लावणी नाही आणि लावणी नाही म्हणजे पुढल्या वर्षीचा भात दुसऱ्याच्या दुकानातला.

वाडीतल्या सगळ्यांचे राब होळीच्या मागेपुढेच भाजून झाले होते. ठकूबाईनं आणि कमळाबाईनं सावडीनं, म्हणजे आज तुझ्यात उद्या माझ्यात करत, कवळं तोडली होती, राब रचूनही झाला होता. उरलं होतं पेटवणं. पण पेटवायला जोडीला एक धडधाकट माणूस लागतं. विस्तव बांध ओलांडून गवतात शिरला तर डोंगर जातो. आणि मंगेश ‘होळीला येतो’ म्हणाला होता. होळीला आला नाही, ‘पाडव्याला येतो’ म्हणाला. पाडव्याला त्याच्या कुरिअरच्या कंपनीत माणसं कमी होती. मग ‘मे महिन्यात नक्की’. राब अंगणासमोर रचलेला तसाच पडून. त्याच्यावर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

जे होळीनं आणि पाडव्यानं केलं नाही ते युद्धानं केलं. लढाईच्या तिसऱ्या दिवशी मंगेश बायकोला, वैशालीला, घेऊन आला.

‘‘मुंबईत काय भरवसा नाय आये,’’ ओढा चढून आल्यावर दम खात तो म्हणाला. ‘‘कुठलं मिसाईल कुठं पडंल. फुल टेन्शन हाय.’’

त्यानं पिशव्या उघडल्या. शेवयांची पाकिटं, मेणबत्त्या, मोबाइल चार्ज करायचे दोन डबे आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा एक अख्खा गठ्ठा. तो गठ्ठा त्यानं मुंबईहून बसमध्ये मांडीवर आणला होता. ठकूबाईनं बाटली हातात घेतली, उलटी करून बघितली.

‘‘झऱ्याला यंदा पानी हाय रे,’’ ती म्हणाली.

वैशालीनं पदर तोंडाला लावला. वैशाली मूळची बिरवाडीकडची, बाप महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जायचा. तिला शेतीतलं फारसं कळत नसे आणि कळतं असं ती दाखवतही नसे. सासूला त्यामुळेच ती बरी वाटायची.

‘‘राब भाजायचा राहिलाय,’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘उद्या सांजच्याला करू. वारा पडला म्हंजे.’’

‘‘करू ना,’’ मंगेश मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच गावकी बसली.

भागोजी हा गावकीचा मोठा. मोठा म्हणजे वयानं आणि मिशांनी. निर्णय घ्यायचा म्हटलं की तो आधी सगळ्यांकडे बघतो, सगळे काय म्हणतात ते ऐकतो आणि शेवटी जो जास्त मोठ्यानं बोलला त्याचंच आपल्या आवाजात सांगतो. त्या दिवशी जास्त मोठ्यानं सुनील बोलला.

‘‘तात्या, महाडची एमआयडीसी पहिल्या नंबरला हाय त्यांच्या यादीत,’’ सुनील म्हणाला. ‘‘मेसेज आलाय. विमान येनार कुठून? घाटावरून. म्हंजे आपल्या डोक्यावरून. दिवे बंद, उघड्यावर विस्तव बंद. दिवसा धूर दिसतो, रातचा जाळ दिसतो.’’

‘‘कुनी धाडला मेसेज?’’ कमळाबाईनं विचारलं.

‘‘वरनं आलाय.’’

‘‘वरनं म्हंजे?’’

‘‘वरनं म्हंजे फॉरवर्ड,’’ सुनील म्हणाला आणि विषय संपल्यासारखा उपरण्यानं मान पुसू लागला.

भागोजीनं मिशीवर हात फिरवला. ‘‘उघड्यावर विस्तव नाय करायचा,’’ तो आपल्या आवाजात म्हणाला. ‘‘चूल पेटवायची ती दार लोटून.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. हलवायला काय जात होतं, सगळ्यांचे राब भाजून झाले होते. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि एकेक मान ठकूबाईकडे वळली.

‘‘कदीपर्यंत?’’ तिनं विचारलं.

‘‘लढाई संपेपर्यंत,’’ भागोजी म्हणाला.

‘‘आन् संपली ते कोन सांगनार?’’

भागोजीनं सुनीलकडे बघितलं. ‘‘टीव्हीवर सांगतील की,’’ सुनील म्हणाला.

ठकूबाई उठली, गुडघ्यावर हात दाबून उभी राहिली आणि घरी गेली. मागून कुणीतरी म्हणालंच, ‘‘बगा, काय शांत बाई हाय. दुसरी असती तर भांडली असती.’’ तिला भांडायचं होतं. अंगात त्राण नव्हतं.

संध्याकाळ झाली की वाडी काळोखात बसू लागली. सुनीलनं खिडकीला आपल्या वाढदिवसाचा जुना बॅनर लावला होता, पण टीव्ही चालूच. बॅनरवरचं त्याचं तोंड आतल्या उजेडानं कधी निळं व्हायचं, कधी लाल. कमळाबाई म्हणायची, ‘‘विमानवाल्याला वाडी नाय दिसनार. पन सुनील बराबर दिसंल.’’

आणि इकडे हवा कोंदत चालली होती. पाठीला घामोळं, कपाळाला चिकटा. महाबळेश्वरच्या अंगाला दुपारनंतर ढग गोळा होत, थोडं गुरगुरत, परत विरघळत. ते रोज थोडे अधिक खाली येत होते. पाऊस यंदा लवकर आहे असं टीव्ही म्हणत होता, पण मध्येच, युद्धाच्या दोन बातम्यांच्या फटीत. तेवढं कुणी ऐकलं नाही.

मंगेशनं जेवताना विषय काढला. तो वाईट मनानं बोलत नव्हता, हे आधी सांगायला हवं.

‘‘आये, एक सांगू? राब नाय होत तर नाय होत. यंदा ऱ्हाऊ दे ना शेत. गाय कमळामावशीकडं ठेव. घराला कुलूप लावू आन् चल आमच्याकडं. किती दिस एकटी रेटनार?’’

हे तो गेली तीन वर्षं म्हणत होता. फरक एवढाच की आधी ठकूबाईकडे उत्तर असायचं: ‘‘लावणी कोन करंल?’’ यंदा ते उत्तर अंगणासमोर भिजायची वाट बघत पडलं होतं.

तिला मोह झाला नाही असं नाही. मंगेशच्या खोलीत नळ ओट्याशी होता, उतारावर पाय टाकावा लागत नव्हता. पण तिथं तिची बसायची जागा फ्रिज आणि दार यांच्यामध्ये. कुणी आलं की उठायचं, कुणी गेलं की उठायचं. आणि तिथं जेवताना आपल्या पानातला भात कुणीतरी मोजतंय असं तिला वाटायचं. कुणी मोजत नव्हतं. वैशाली तर उलट मूठभर जास्तच वाढायची. पण वाटायचं. इथं कणगीत हात घातला की तो हात कुणाच्या नजरेला पडत नसे, एवढंच तिला हवं होतं. माती-बिती, वाडवडील-बिडवडील असलं ती कधी बोलली नाही.

‘‘बगू,’’ ती म्हणाली.

मंगेशला ते ‘हो’ वाटलं. त्यानं लगेच परतीच्या गाड्या बघायला मोबाइल काढला.

दुसऱ्या दिवशी ढग सकाळपासूनच बसले होते. जेवणं झाली. मंगेश ओटीवर आडवा झाला. बाकी वाडी सुनीलच्या टीव्हीपुढे. सुनील स्वतः टपरीवर, कारण मुंबईकर पळून महाबळेश्वरला निघाले होते आणि पळतानाही माणसाला भजी लागतात. वाटेत चिटपाखरू नव्हतं. ठकूबाई उठली. चुलीतला इंगळ करवंटीत घेतला आणि बाहेर निघाली.

वैशाली भांडी घासत होती. तिनं हात धुतले. ‘‘ह्यांना उठवू का, आई?’’

‘‘नको. तो सुनीलला इचारंल, सुनील टीव्हीला इचारंल. तू हंडा भरून आन.’’

आता, राब दुपारी पेटवत नाहीत हे धारेवाडीतल्या कोंबडीलाही ठाऊक आहे. दुपारी खोऱ्यातून वारा वर चढतो. म्हणून संध्याकाळी, वारा पडल्यावर पेटवायचा, तोही वारा जिकडे चाललाय त्या टोकाला, म्हणजे विस्तव वाऱ्याच्या तोंडावर सावकाश मागे सरकतो. ठकूबाईनं उभ्या आयुष्यात दुपारी राब पेटवला नव्हता. पण संध्याकाळचा जाळ अर्ध्या घाटातून दिसला असता आणि अर्धी वाडी तो विझवायला आली असती. दिवसाउजेडी जाळ दिसत नाही, धूर काय, ढगात ढग. असा तिनं हिशेब केला. दमलेल्या माणसाचे हिशेब असेच असतात, एक बाजू मांडून होते आणि दुसरीला ताकद उरत नाही.

बरोबर टोकाला तिनं इंगळ टाकला, फुंकर मारली. धुमसायला लागलं. विस्तव शहाण्यासारखा सरकू लागला. कवळं चुरचुरली, शेणाचा गोड कडवट धूर उठला. ठकूबाई टहाळी घेऊन बांधावर उभी, वैशाली हंडा घेऊन दुसऱ्या बांधावर. अर्धा राब असा छान भाजून झाला. ठकूबाईला वर्षाचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात वाऱ्यानं कूस बदलली.

ओढ्यापलीकडे टपरीवर सुनील भजी तळत होता. त्यानं मान वर केली तर आपल्या वाडीच्या अंगाला धुराचा लोळ. झारा टाकून त्यानं आधी काय करावं? मोबाइल काढला. ‘‘मित्रांनो,’’ तो रेकॉर्ड करत म्हणाला, ‘‘पोलादपूरच्या डोंगरात मोठा स्फोट झालेला हाय. धूर बगा. सगळ्यांनी काळजी घ्या. जास्तीत जास्त शेअर करा.’’ शेअर करून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्या धुराच्या आसपास आपलंही घर आहे. मग तो पळाला.

मंगेशला जाग आली ती फोननं. भांडुपवरून मित्र. ‘‘मंग्या, जिवंत हाय ना? तुझ्या गावावर बॉम्ब पडला काय रे?’’ मंगेश ताडकन उठून दारात आला. समोर त्याची आई टहाळीनं गवत झोडपत होती आणि राबाच्या पलीकडे त्यांच्या पेंढ्याची उडवी, गाईची पावसाळ्याची सगळी वैरण, भडभडा पेटली होती.

तो अनवाणी धावला. तापल्या राखेतून तसाच.

वाडी धावली ती जरा उशिरा. पहिल्यांदा सगळे बॉम्ब पडला म्हणून देवळात पळाले होते. भागोजी त्या वेळी देवळात कुठल्या कोपऱ्यात होता हे त्याची बायको सांगते, तो सांगत नाही. पण कमळाबाई देवळाच्या उंबऱ्यावरून ओरडली, ‘‘अरे, राब पेटलाय ठकीचा, बॉम्ब कसला,’’ आणि मग सगळे टहाळ्या तोडत आले. डोंगराच्या माणसाला बॉम्बचं काय करायचं कळत नाही, वणव्याचं कळतं. कुणी गवत झोडलं, कुणी माती ओढली, वैशालीनं मुंबईच्या बाटल्यांचा गठ्ठा फोडून एकेक सीलबंद बाटली बांधावर रिकामी केली. सुनीलनं अंगातला शर्ट काढून त्यानं विस्तव मारला. कमळाबाईच्या कुंपणाशी आग थांबली.

उडवी गेली. सगळी. काळा गोल उरला, वर धूर.

सगळे दमून बांधावर बसले. ठकूबाईला कुणी काही बोललं नाही. बोलायला भागोजीचा हक्क होता, पण त्यानं देवळाकडे एकदा बघितलं आणि नुसता मिशीवरून हात फिरवला.

संध्याकाळी वेगळंच नाटक. सुनीलच्या टीव्हीवर लाल पट्टी आली: डोंगराळ भागात संशयास्पद स्फोट. खाली व्हिडिओ, धुराभोवती लाल गोल. सुनील उठून उभाच राहिला. ‘‘बगा, तिकडंपन झालाय. मी बोललो नव्हतो?’’

कमळाबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेली. ‘‘सुन्या, हा ठकीचा फनस. आन् ही पळतेय ती मी. लुगडं ओळखत नाय तुला?’’

सुनीलनं आपलाच आवाज ऐकला, ‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणणारा. त्यानं टीव्ही बंद केला. वाडीत इतकी शांतता गेले कित्येक दिवस झाली नव्हती.

काळोख पडायच्या आत पोलादपूरहून दोन पोलीस मोटारसायकलवरून आले. त्यातला थोराड होता तो राखेच्या कडेला उकिडवा बसला, चिमटीत राख घेतली आणि म्हणाला, ‘‘राब हाय होय हा.’’ त्याच्या तोंडावर आपल्या घरची काहीतरी आठवण आल्यासारखं झालं. मग ड्युटी आठवली. ‘‘व्हिडिओ कुनी काढला?’’

अख्खी वाडी आपापल्या पायांकडे बघू लागली. सुनील सगळ्यात खोल बघत होता.

‘‘रस्त्यानं जातात गाड्या,’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘कुनी काढला आसंल. चा घेता काय?’’

चहा सुनीलनं केला. साखर जरा जास्त पडली. पोलीस जाताना बजावून गेले की असले व्हिडिओ पुढे ढकलाल तर आत बसाल, आणि म्हातारे, राब दुपारी पेटवतात होय? ठकूबाई म्हणाली, ‘‘चुकलं.’’ ते खरं होतं.

ती पडवीत बसली. राब भाजून झाला होता, तिला हवा होता तसाच, काळाभोर. आणि गाय गोठ्यात हंबरत होती. हिला पावसाळाभर घालायचं काय? एक शाबूत केलं तर दुसरं गेलं. तिचं तिलाच हसू आलं, म्हणजे यायला हवं होतं. मंगेशच्या तळव्यांना फोड आले होते, वैशाली त्यावर खोबरेल लावत होती. ठकूबाई वाट बघत होती की आता तो म्हणेल, झालं ना मनासारखं, आता गायही देऊन टाक आणि चल. त्याला तसं म्हणायचा अधिकार होता. ती ‘बरं’ म्हणाली असती. तिनं मनात म्हणूनही बघितलं.

मंगेश जेवला, झोपला.

सकाळी तिला जाग आली ती कुदळीच्या आवाजानं. तळव्यांना फडकी बांधून तो राबात उतरला होता आणि राख वाऱ्यानं उडायच्या आत माती फोडून तिच्यावर ओढत होता.

‘‘खोल नको मारू,’’ तिनं पडवीतूनच सांगितलं.

‘‘ठावं हाय,’’ तो म्हणाला. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाला, ‘‘होळीला आलो असतो तर उडवी नसती जळाली.’’

‘‘माती नीट ओढ,’’ ती म्हणाली.

लढाई थांबली म्हणून बातमी आली तसा मंगेश गेला. जाताना म्हणाला, ‘‘लावणीला येतो.’’ ठकूबाईनं मान हलवली. त्याचं येणं आता युद्धाशिवाय कसं होतंय हे बघायचं होतं. वैशाली मात्र पेरा होईपर्यंत राहिली. बियाणं फेकायला तिला जमेना, मूठ एकाच जागी पडे. ठकूबाईनं तिच्या मनगटाला धरून दोनदा फिरवलं, मग सोडून दिलं. उगवेल तिथं उगवेल.

पेंढ्याचं असं झालं. पहिला भारा कमळाबाईनं आणला. ‘‘माझ्या कुंपनापाशी थांबली म्हनून देते हो. घर जाळलं असतंस तर नसता दिला.’’ मग भागोजीच्या घरून आला. मग रोज एकेक घरून. कुणी दिला हे कुणी बोललं नाही. गोठ्यात टाकून जात. सगळ्यात शेवटी सुनील आला, डोक्यावर एवढा मोठा भारा की वाट दिसेना, खिशात मोबाइल वाजतोय.

‘‘काकी, परत तंग झालंय म्हनतात. बॉर्डरवर.’’

‘‘कोन म्हनतं?’’

सुनीलचा हात खिशाकडे गेला. मोबाइल वाजत होता. त्यानं भारा सावरला.

‘‘असंच,’’ तो म्हणाला. ‘‘कुनी नाय.’’

‘‘तो भारा आडवा ठेव. उभा ठेवलास तर सरकतो.’’

त्यानं आडवा ठेवला आणि गेला.

पाऊस खरंच लवकर आला. राबात रोपं उठली, कुठं दाट, कुठं टक्कल, जिथं वैशालीची मूठ पडली तिथं नुसतं जंगल. ठकूबाई पडवीच्या खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत बसायची. वाटेनं जाताना भागोजी एकदा थांबला, बरोबरच्या माणसाला हळूच म्हणाला, ‘‘बग, एवढं आकाशपाताळ एक झालं, पन बाईच्या तोंडावरची सुरकुती हलली नाय. याला म्हंतात खंबीर.’’

बरोबरच्यानं मान हलवली. ठकूबाईनं ऐकलं नाही. ती बसल्या बसल्या झोपली होती.